बरणीचं पाणी

ही गोष्ट अजून माझ्या तोंडाबाहेर पडलेली नाही. लेकापुढं नाही, सुनेपुढं नाही. देवापुढंही नाही — देवळात कौसा माझ्या शेजारी उभी असायची, तिच्या शेजारी उभं राहून काय सांगणार होतो? आता ती नाही. तरी देवळात गेलो की तिची जागा सोडून उभा राहतो. मग तुम्हालाच का सांगतोय? ते मला नीट सांगता यायचं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — एवढंच धरून चाला.

कौसा म्हणजे माझी बायको. तिच्यावर मी जन्मात हात उचलला नाही. याची मला लय घमेंड होती. पारावर कुणाच्या घरची मारहाण निघाली की मी म्हणायचो, आमच्या घरात असलं काही नाही. खरंच नव्हतं. मी तिच्या अंगाला बोट लावलं नाही. मी तिचा तिच्या डोक्यावरचा भरवसा काढून घेतला. तो तिला शेवटपर्यंत परत मिळाला नाही, आणि तो माझ्या खिशात आहे हे फक्त मला माहीत होतं.

सरळ सांगायला गेलो की गाडी अडते. जरा वळसा घेऊ द्या.

आमचं गाव चुडाव्याच्या अंगाला. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण खतातलं मला कळतं, असं सगळा गाव म्हणायचा. माझा उकिरडा बघायला लोक थांबायचे. हळदीला कधी घालायचं, कापसाला किती, हे मला विचारून जायचे. माणसाला एकाच गोष्टीत मान असला की तो त्या गोष्टीला फार घट्ट धरतो. धरतो ना?

गुडघे गेले तशी मी बैलं विकली. गोठ्यात सिमेंटची गव्हाण तेवढी राहिली, माझ्या हातची बांधलेली, लांबलचक. तिच्यात मी सकाळ-संध्याकाळ कडबा टाकायचो. बैलं गेल्यावरही मी सकाळी उठून तिच्याजवळ जाऊन उभा राहायचो. आमची सून, रेखा, ती बायांच्या गटात जायची. तिथं ती गांडूळखताचं शिकून आली. एक दिवस म्हणाली, "मामा, गव्हाण रिकामीच हाय. त्यात गांडुळं सोडू का?"

मी काही बोललो नाही. मी बोललो नाही म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना कळायचं. पण ती दुसऱ्या घरातून आलेली पोर. तिनं ते हो धरलं.

लेकानं गव्हाणीला खालून भोक पाडलं. पाणी निथळायला भोकाखाली मडकं ठेवलं. तळाला उसाचं पाचट, वर सोयाबीनचं भुस्कट, त्यावर जुनं, थंड झालेलं शेण. मुंग्या चढू नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ. वर ओलं तरट. आणि ह्या सगळ्यात रेखानं पिशवीतून आणलेली ती लाल, बारीक गांडुळं सोडली. बैलाच्या गव्हाणीत किडे. मी त्या दिवशी जेवलो नाही.

रेखानं नियम सांगितले. मीठ नको, आंबट नको, तेल-तिखट नको. आणि ताजं शेण तर अजिबात नको — ते आतून तापतं, गांडुळं मरतात. हे ती मला सांगत होती. मला! शेण म्हणजे शेण, त्यात ताजं काय आन् शिळं काय, मी म्हणालो. ती नुसती हसली. उलट बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढं रेखाला शेतातून सवड मिळेना, तसं गव्हाणीचं काम कौसानं अंगावर घेतलं. मेथीची देठं, केळीच्या साली, दोडक्याची सालं — सगळं विळीवर बारीक करायची. चहाचा चोथासुद्धा साखर निघावी म्हणून धुऊन घ्यायची. तरट उचलून, झारीनं हलकं पाणी शिंपडून, मुठीत माल घेऊन दाबून बघायची — बोटातून एखादा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त. हे तिला कुणी शिकवलं? रेखानं एकदा दाखवलं, पुढचं तिचं तिला कळलं. "खा रं बाबांनो," म्हणायची त्यांना. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला कशाचा एवढा नाद लागलेला बघितला नव्हता. आणि खत! काळं, भुरभुरीत, चहापत्तीसारखं. वास पहिल्या नांगरटीच्या मातीचा. माझ्या उकिरड्याला तसं खत कधी झालं नाही. हे मी आज पहिल्यांदा म्हणतोय.

मग बाया बघायला यायला लागल्या. आजूबाजूच्या गावच्या, एकदा तर पिंगळीच्या बाया रेल्वेनं आल्या. पुरुष माणूस समोर असला की पदर पुढं ओढून गप बसणारी माझी बायको, कोपरापर्यंत हात घालून तळव्यावर गांडूळ दाखवायची. मी बाजूला बाजेवर बसून सुतळी वळायचो. माझ्याकडं कुणी बघायचं नाही.

त्या दिवशी बघितलं. एका बाईनं विचारलं, "आन् मामा काय करतेत ह्यात?"

कौसा म्हणाली, "ते व्हय? ते गुपचूप ताजं शेण आणून टाकतेत, आन् त्येंची पाठ वळली की मी काढून टाकते. गांडुळं जगली ती त्येंच्या पाठीच्या किरपेनं!"

काय हसल्या बाया! रेखा तोंडाला पदर लावून हसली. आणि कौसा — ती मान मागं टाकून हसली. दात दिसेपर्यंत. तसं हसताना मी तिला लग्नानंतर बघितलंच नव्हतं. मीही हसलो. सुतळी वळत राहिलो.

खोटं काही नव्हतं त्यात. मी टाकलं होतं शेण, दोन वेळेला, हट्टानं. गांडुळं मेली नाहीत म्हणून मनात म्हणत होतो, बघा, काही होत नाही. ती मागून काढून टाकत होती हे मला तिथं, चारचौघीत कळलं.

बाया जाताना सांगून गेल्या — बाजाराच्या दिवशी येतो, गांडुळं घेऊन जातो, आमच्याकडंही सोडायची हायेत. रेखानं त्यांच्यासाठी पिशव्या धुऊन वाळत घातल्या.

दिवस उन्हाळ्याचे होते. नवा आंबा यायचा होता, म्हणून कौसानं त्या दिवशी दुपारी लोणच्याची जुनी बरणी काढली. मोठी, चिनी मातीची. तळाला खार साचलेला, मिठाचा थर. गरम पाण्यानं ती खळखळून धुतली आणि ते पाणी मोरीत ओतलं. मोरीचं पाणी मागं कढीपत्त्याच्या झाडाला जायचं. मी बाजेवर होतो. मी बघितलं. मोरीत ओतताना बघितलं. एवढं लक्षात ठेवा.

बरणी कट्ट्यावर पालथी घालून ती आत जाऊन पडली. रेखा शेतात. मी उठलो. शेजारच्या म्हशीचं ताजं, वाफ निघणारं शेण टोपल्यात भरलं, आणि गव्हाणीत सगळीकडं जाड थापलं. वरून तरट घातलं. रोज सांजेला पाणी शिंपडायची ती, तर त्या दिवशी मीच म्हणालो, तू पड, मी शिंपडलंय. तिला काय आनंद झाला! "तुमी शिंपडलं?" म्हणाली. दोनदा विचारलं.

इथपर्यंत अजून मला म्हणता येत होतं की बाबा, अडाणी माणूस, हट्ट केला, चूक झाली. कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगितलं. पण दिवेलागणीला मी तरट उचलून बघितलं होतं. शेणात हात घातला तर चटका बसला. गांडुळं गव्हाणीच्या काठावर चढली होती. कोपऱ्यात गुंता करून एकमेकांवर चढत होती. तरटाच्या खालच्या अंगाला चिकटून लोंबत होती — बाहेर निघायला बघत होती ती. अजून जिती होती. टोपलं हाताशी होतं. ते शेण काढायला कितीसा वेळ लागला असता?

मी तरट झटकलं. चिकटलेली सगळी परत आत पडली. मग तरट पसरलं आणि काठावर दगड ठेवले.

का? मला तिचं ते हसणं दिसत होतं. दुसरं काही नाही.

पहाटे घर जागं व्हायच्या आधी उठलो तेव्हा वरचं शेण काढून उकिरड्यावर नेऊन टाकलं, वर राख पसरली. म्हणजे मला कळत होतं. न कळणारा माणूस शेण लपवतो का? खाली सगळं विरघळल्यासारखं झालं होतं. ओल्या दोऱ्यासारखी गांडुळं. वास असा की मला गोठ्याबाहेर येऊन उभं राहावं लागलं.

सकाळी रेखानं तरट उचललं आणि तशीच खाली बसली. कौसा धावत आली. तिनं दोन्ही हात आत घातले, खालपर्यंत उकरलं, एक तरी वळवळतंय का बघितलं. काही नव्हतं.

रेखा रागानं बोलली नाही. ती पोर रागावतच नाही. नुसतं विचारलं, "आत्याबाई, काल काय टाकलं व तुमी ह्यात?"

"दोडक्याची सालं. केळीच्या साली. दुसरं काय टाकते मी?"

रेखाची नजर कट्ट्यावर गेली. बरणी पालथी होती. "आन् बरणी धुतलेलं पाणी?"

"मोरीत ओतलं की." कौसा म्हणाली. मग थांबली. मेलेल्या गांडुळांकडं बघितलं. "मोरीतच ना?" आणि माझ्याकडं वळली. "आवो, मोरीतच ओतलं ना मी?"

त्या वेळी मला काय म्हणायचं होतं, हे माझं मलाही तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं. मी गप बसलो असतो तरी चाललं असतं. माहीत नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "न्हाई. गव्हाणीत ओतलं तू. मी बघितलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. भांडली नाही. तिला वाटलंच नाही की मी खोटं बोलेन — एवढ्या वर्षांत मी तिच्याशी कडक बोललो, तुसडं बोललो, पण खोटं बोललो नव्हतो. तिनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. खतानं काळे झालेले हात. म्हणाली, "मला तर मोरीच आठवते."

"जाऊ द्या आत्याबाई," रेखा म्हणाली, "व्हतं असं. पुन्हा आणू." आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मी उठून पारावर गेलो.

बाजाराच्या दिवशी बाया आल्या, रिकाम्या पिशव्या घेऊन गेल्या. कौसा घराबाहेर आली नाही.

तेव्हापासून ती विचारायला लागली. आधी मला, मग कुणालाही. मी वरणात मीठ टाकलं का? गॅस बंद केला का? कडी लावली का? भाजी चाखून बघायची, तरी विचारायची. एखादी गोष्ट हातानं केली की ती तिथंच उभी राहून तिच्याकडं बघत राहायची, नजरेत बसावी म्हणून. रेखानं चांगुलपणानं हळूहळू चूल आपल्याकडं घेतली. "तुमी बसा आत्याबाई." ती बसायची. गोठ्याकडं मात्र जायची नाही.

मी हे सगळं एका शब्दानं मोडू शकत होतो. रोज. माझ्या शेजारी जेवायला बसायची ती.

आणि अजून माझं सांगून झालेलं नाही. सगळ्यात वाईट पुढं आहे.

बरणीच्या पाण्यानंतर थोड्याच दिवसांत मोरीमागचा कढीपत्ता पिवळा पडला. कौसानंच लावलेला, माझ्या कमरेएवढा झालेला. पानं गळायला लागली, शेंडे करपले. खार लागला होता मुळाला — दुसरं काय? रेखा एवढ्या बारकाईची पोर, तिनं ते झाड नीट बघितलं असतं तर तिच्या लगेच ध्यानात आलं असतं की पाणी कुठं गेलं. ते झाड उभं राहून साक्ष देत होतं. अंगणात, सगळ्यांच्या समोर. मी एक दिवस कुदळ घेतली आणि ते उपटून बांधावर नेऊन टाकलं. खड्डा बुजवला. वर पाणी शिंपडून पायानं दाबला.

सांजेला कौसा मोरीवर गेली. परत आली ती दचकून. "आवो, कढीपत्ता कुठं गेला?"

मी पानाला चुना लावत होतो. मान वर न करता म्हणालो, "तूच तर सकाळी म्हणालीस, वाळलाय, उपटून टाका."

"मी म्हणले?"

"मग काय मी सपान बघितलं?"

ती उंबऱ्यावर बसली. मग हळूच म्हणाली, "आता माझं काही खरं न्हाई."

मला तिचा चेहरा आठवतो. तो आठवू नये म्हणून मी लय खटपट केली.

लेकानं तिला परभणीला डॉक्टरकडं नेलं. मीही गेलो. डॉक्टरनं विचारलं, काय काय विसरतात? लेक माझ्याकडं बघायला लागला, कारण दिवसभर घरात मी असायचो. मी दोन गोष्टी सांगितल्या. बरणीची आणि कढीपत्त्याची. डॉक्टरला तरी काय म्हणायचं? समोरचा नवरा सांगतोय, त्यांनी ऐकलं. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती दुपारीही गुंगीत बसायची. तोंडाला कोरड पडायची. मी पाणी द्यायचो. लोक म्हणायचे, म्हातारा बायकोचं किती करतो.

आणि खरं सांगू? मला बरं वाटायचं. हे सांगायला नको वाटतं, पण सांगतो. ती परत माझ्याकडं बघून बोलायला लागली होती. काही झालं की आधी मला विचारायची. बाया येईनाशा झाल्या होत्या, पारावर मला कुणी गांडुळांचं विचारत नव्हतं, आणि घरात मी म्हणेन ते खरं होत होतं. एकदा म्हणाली, "बरं झालं तुमी बघत व्हतात त्या दिशी. न्हाई तर मला कळलंच नसतं माझं डोकं जायलंय." माझे आभार मानले तिनं.

मधूनमधून मात्र ती परत त्या जागेवर यायची. जेवताना, नाही तर वाती वळताना, एकदम. "तुमी सोता बघितलं व्हतं ना?" प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यात काहीतरी असायचं — मी नाही म्हणावं म्हणून थांबलेलं. प्रत्येक वेळी मी हो म्हणालो. पहिलं हो जिभेवर आपोआप आलं होतं. पुढचे सगळे मी विचार करून म्हणालो.

गेल्या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. छातीत कफ भरला, निमित्त झालं. माझ्या खोट्यानं ती मेली, असं मी म्हणत नाही. तेवढा मोठेपणाही मी घेत नाही. पण जगली ती माझ्या खोट्यात. शेवटी शेवटी तिनं रेखाचा हात धरून माफी मागितली. "तुझी लेकरं मारली मी," म्हणाली. गांडुळांना लेकरं म्हणाली. रेखा रडायला लागली. मी पायथ्याशी उभा होतो. तेव्हाही वेळ होती. ती शुद्धीवर होती, तिला ऐकू येत होतं. मी तिचं पांघरूण नीट केलं.

आता गव्हाणीत पुन्हा गांडुळं आहेत. रेखानं परत आणली, आणि त्यांचं सगळं मी बघतो. शेण थंड करतो, हात घालून तपासतो. सालं विळीवर बारीक करतो. चहाचा चोथा धुतो. कौसा करायची तसंच मूठ दाबून एक थेंब बघतो. खत चांगलं होतं. बाया परत येतात. रेखा त्यांना कौतुकानं सांगते, "मामा करतेत सगळं." मी तरट उचलून दाखवतो. ताजं शेण घालू नका, असं मीच सांगतो.

परवा एकीनं विचारलं, तुमची पहिली गांडुळं मेली म्हणं, ती कशानं? रेखा आवाज खाली घेऊन म्हणाली, "आत्याबाईंच्या हातून चुकून खारं पाणी पडलं. वय झालं व्हतं त्येंचं." बायांनी च्-च् केलं. मी झारी घेतली आणि पाणी शिंपडत राहिलो.

मोरीच्या मागं, मी खड्डा बुजवला होता तिथं, जमिनीत मूळ राहिलं असावं. कढीपत्त्याला कोंब फुटतो. बोटभर येतो, दोन-चार पानं धरतो. रेखाच्या नजरेला पडायच्या आधी मी तो खुडून टाकतो. काही दिवसांनी परत येतो. आज सकाळीही खुडला.

हात दोनदा धुतला. जेवताना घास तोंडाशी नेला, तर बोटांना त्याचाच वास.